लल्ला ताऊसने मागितलेली मुदत

वाळवंटातल्या आमच्या वारग्ला शहराच्या विद्यापीठात सर्व्हर सांभाळायच्या त्या लल्ला ताऊस; 'लल्ला' म्हणजे आमच्याकडे आदरानं 'बाई'. सगळ्या विभागांच्या फायली त्याच एका यंत्रावर. सकाळी आल्या की डोक्यावरची शाल काढायच्या आधी त्या पडद्याकडे बघायच्या: यंत्र नीट चाललंय ना, कुठल्या डिस्कवर किती जागा उरलीय. मग दाराबाहेरच्या फळ्यावर ते लिहून ठेवायच्या. आम्ही मास्तर मंडळी जाता-येता तो फळा बघून विचारायचो, "लल्ला, आज हवामान काय म्हणतंय?"

"ढग दाटलेत. तुमच्याच खोलीतून येतायत," त्या म्हणायच्या.

एका जूनमध्ये, ऐन प्रबंधांच्या दिवसांत, डिस्क गच्च भरली. मुलांची पानं जतन होईनात. जलविज्ञानाचे प्रमुख सी बशीर गझाल ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'साहेब') बैठकीत कडाडले, जुन्या विद्यार्थ्यांचं सगळं सरसकट पुसा म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. लल्लांनी मात्र आठवड्याची मुदत मागितली. माणूस गेला म्हणून त्याचं काम कचरा होत नाही, एवढंच त्या बोलल्या.

मग त्या दारोदार फिरल्या. ज्याच्या त्याच्या शेजारी बसून, पुदिन्याचा चहा घेत, त्याच्याकडूनच नको असलेल्या फायली काढवून घेतल्या. सगळ्यात जास्त जागा कुणी अडवली होती, हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तिथे त्या शेवटी गेल्या, आणि आत शिरताच दार लोटून घेतलं.

सी बशीरांच्या फोल्डरमध्ये पाण्याचं काहीच नव्हतं. त्यांची आई होती. शेवटच्या वर्षांत ती बोलत बसायची आणि ते चित्रण करत. घरच्या संगणकावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांची मान खाली गेली. म्हणाले, "पुसा असं मीच म्हणालो होतो. हेही पुसून टाक."

"आईला कुणी पुसतं का?" लल्ला म्हणाल्या. "ही काही इथे राहायची जागा नाही, एवढंच. तिला घरी न्या."

लल्लांनी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती केल्या, एक सी बशीरांना, एक त्यांच्या बहिणीला. प्रत्येक प्रत उघडून आवाज धड येतोय का ते तपासलं. खजूर कसे वाळवावेत यावरून म्हातारी कुणाला तरी झापत होती. ते ऐकून दोघंही हसली. मगच सर्व्हरवरचं काढलं.

दुसऱ्या दिवशी सी बशीरांनी आपली सूचना मागे घेतली. का, ते तेव्हा आम्हाला कळलं नाही. जागा मोकळी झाली, प्रबंध वेळेत पोचले आणि जुन्या मुलांचं काम जिथल्या तिथे राहिलं.

लल्लांनी याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा सी बशीरच उभे राहिले आणि भरल्या सभेत सगळं सांगितलं. लल्ला मात्र संकोचून शेजारी बसलेल्या बाईंना ताटातला कुसकुस खायचा आग्रह करत होत्या.