दचकण्यातला पहिला नंबर

एकच खून इतक्या वेळा पाहायला गेलेला, आणि तरीही तो न पाहिलेला माणूस मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत माझ्या साडूंशिवाय दुसरा झाला नसेल. खून अर्थातच नाटकातला. ऐंशीच्या दशकात ते रहस्यनाटक आमच्या उपनगरांतून वर्षानुवर्षं चाललं होतं. त्याचं नाव सांगत नाही, आणि खुनी कोण तेही सांगणार नाही. पडदा पडायच्या आधी सगळे नट ओळीनं उभे राहून हात जोडायचे आणि ‘बाहेर कुणाला सांगू नका’ म्हणून विनवायचे. साडूंनी तो शब्द मरेपर्यंत पाळला, मीही पाळणार. पण त्या नाटकावरून आमच्या नातेवाइकांत एक खोटी गोष्ट खरी म्हणून रुजली. ती माझ्यामुळे रुजली आणि तिच्यापायी एका बाईंचा हक्काचा पहिला नंबर गेला. साडू आता नाहीत. माझंही वय झालं. ते तसंच ठेवून जाणं मला बरं वाटत नाही.

आम्ही घाटकोपरला राहायचो, साडू मुलुंडला. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, ती त्यांची बायको. साडू एका छोट्या कारखान्यात बल्ब तपासायला होते. बल्ब लावायचा, पेटला की बाजूला ठेवायचा, पुढचा लावायचा. दिवसभर हेच. हा माणूस संध्याकाळी घरी येऊन अंधारात बसत असेल असं कुणालाही वाटावं, पण त्यांना उजेडाचा कंटाळा म्हणून कधी आला नाही. अक्कांचा चेहरा मात्र जन्मापासून गंभीर. लग्नाच्या फोटोतही त्या रेशनच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या दिसतात. तर अशा अक्कांना घेऊन साडू पहिल्यांदा त्या नाटकाला गेले. तिसऱ्या अंकात वीज कडाडते, रंगमंचावरचे दिवे जातात, अंधारात खुर्ची सरकल्याचा आवाज होतो, आणि दिवे परत येतात तेव्हा त्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं असतं. नेमक्या त्या अंधारात साडू पायातून निसटलेली चप्पल शोधायला खाली वाकले. दिवे आले, अक्का किंचाळल्या आणि त्यांनी नवऱ्याची मान दोन्ही हातांनी धरली. साडूंनी वर पाहिलं ते थेट अक्कांच्या तोंडाकडे. “डोळे एवढाले, तोंड उघडं, कुंकू कपाळावर वर सरकलेलं,” ते मला सांगत. “अहो साडूभाऊ, इतक्या वर्षांच्या संसारात हा चेहरा मी बघितलाच नव्हता हो! खुर्चीत कोण बसलंय ते बघायचं मला सुचलंच नाही.”

खुनी कोण ते पुढच्या संवादांतून त्यांना कळलं, पण तो क्षण हुकला तो हुकलाच. दुसऱ्यांदा ते पुन्हा अक्कांना घेऊन गेले, तो चेहरा परत बघायला. अक्कांना आता सगळं माहीत होतं. त्या शेंगा सोलत बसल्यासारख्या शांत बसून राहिल्या. तेव्हापासून साडूंनी नवीन माणसं न्यायला सुरुवात केली. प्रयोग उपनगरात कुठेही असो, रविवारी दुपारी चारला साडू हजर, शेजारी एक नाटक न पाहिलेला माणूस, आणि साडूंचं तोंड रंगमंचाकडे नसून त्या माणसाकडे. पाचव्या रांगेतल्या कडेच्या खुर्च्या त्यांनी अभ्यास करून ठरवल्या होत्या. दिवे परत येतात तो उजेड तिथपर्यंत नेमका पोचतो. बुकिंगच्या खिडकीतला माणूस कळकळीनं सांगायचा, “साहेब, तिथून डाव्या बाजूचा दरवाजा दिसत नाही.” साडू म्हणायचे, “मला दरवाजा बघायचाच नाहीये. द्या तुम्ही.”

नेण्याआधी ते माणसाची कसून चौकशी करत. नाटक पाहिलंय का, घरात कुणी पाहिलंय का, ऑफिसात कुणी बडबड्या आहे का. इंटरव्हलमध्ये पाहुण्याला बटाटेवड्याच्या काउंटरवर पाऊल टाकू देत नसत, कारण दुसऱ्यांदा आलेली माणसं तिथे मोठ्यानं बोलतात. पाहुण्याला पार मागे पाण्याच्या टाकीपाशी उभं करून ते स्वतः वडे आणून देत. दूधवाला, विमा एजंट, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे जाऊन आले. प्रत्येकाचं दचकणं साडूंना पाठ होतं, आणि लग्नामुंजीत पंगत उठली की ते एकेकाचं करून दाखवत. विमा एजंट आतल्या आत दचकला, नुसते कान हलले. सेक्रेटरी नाटकात ढिम्म बसून राहिले आणि घरी जाताना भांडुपला दचकले. एकदा मुलीला पाहायला आलेल्या मुलाच्या वडिलांना ते घेऊन गेले, तर त्या गृहस्थांनी ऐन वेळी जांभई दिली. साडूंनी ते स्थळ मोडलं. “खून झाला तरी ज्याला काही होत नाही, त्याच्या घरात पोरगी देऊ?” असं ते अक्कांना म्हणाले, आणि विशेष म्हणजे अक्कांना ते पटलं.

शेवटी नटांनाही हे कळलं. पोलिस इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या नटानं त्यांना एकदा दाराशी गाठून विचारलं, “काका, तुम्ही नेहमी येता आणि आमच्याकडे बघतसुद्धा नाही. आमचं काही चुकतं का?”

“छे हो!” साडू म्हणाले. “तुमचं काम फारच सुंदर असतं. लोकांच्या तोंडावर दिसतं ना.”

मग माझी पाळी आली. आम्ही चौघं जायचं ठरलं. मी जात्याच घाबरट. मागून कुणी हाक मारली तरी हातातली कपबशी सोडणारा. नाटक पाहून आलेल्या माझ्या बायकोला याचीच धास्ती. मुलुंड स्टेशनबाहेर तिनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, “अहो, तुम्ही चारचौघांत बोंब मारणार आणि मला मान खाली घालायला लावणार. त्यापेक्षा आधीच सांगून ठेवते,” आणि सांगून टाकलं. कोण, कसं, कुठल्या खुर्चीत, सगळं. दोन अंक मी संतासारखा निवांत पाहिले. तिसऱ्या अंकात दिवे गेले, आणि माझ्या गालावर साडूंचा श्वास आला. त्यांचं नाक माझ्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. त्या अंधारात मला एकदम वाटलं, की या माणसानं किती दिवस माझी वाट पाहिली असेल! दिवे आले, आणि मी “अगं आई गं!” करून जो उडालो, तो समोरच्या खुर्चीला लाथ बसली, त्या खुर्चीतल्या बाईंच्या हातातली पर्स उडाली, आणि माझा चष्मा थेट बायकोच्या मांडीवर पडला. साडूंकडे पाहिलं तर त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते.

“साडूभाऊ,” ते बाहेर आल्यावर माझा हात सोडेनात, “पहिला नंबर! आजपासून तुमचा पहिला, अक्काचा दुसरा.”

अक्का म्हणाल्या, “घ्या! चप्पल शोधणाऱ्याकडून मिळालेला नंबर, तोही गेला.”

माझी बायको परतीच्या वाटेवर पदरात तोंड घालून हसत होती. मला मात्र हसू येईना. अक्का खऱ्याखुऱ्या दचकल्या होत्या, आणि त्यांच्या त्या एका किंचाळण्यावर तर हा सगळा खेळ उभा होता. पण साडू इतके खूश होते की उद्या सांगू, परवा सांगू असं करता करता माझी कीर्ती फार पुढे निघून गेली. बारशाला गेलो की लोक म्हणत, “तुम्हीच का ते? जरा दचकून दाखवा ना.” मी दाखवत असे. कोपऱ्यात अक्का तोच रेशनच्या रांगेतला चेहरा करून बसलेल्या असत.

पुढे नाटक उतरणीला लागलं. ते न पाहिलेला माणूसच साडूंना मिळेना. मुलुंडला शेवटचा प्रयोग लागला तेव्हा आम्ही चौघंच गेलो, सगळं माहीत असलेले. आज बाहेर पडताना खरं सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. दिवे गेले. सवयीनं गालावर श्वास येईल म्हणून मी तयार बसलो, पण श्वास आला नाही. बघण्यासारखं तोंडच शेजारी नव्हतं, म्हणून साडू पहिल्यांदा समोर बघत होते. दिवे आले. “अगं आई गं!” म्हणून साडूंनी माझं मनगट असं आवळलं, की घड्याळाचा पट्टा तुटला.

बाहेर पायऱ्यांवर ते कितीतरी वेळ रुमालानं मान पुसत उभे होते. मग आमच्यावर उखडले. “इतका सुंदर खून आहे, आणि तुम्ही कुणी मला एका शब्दानं बोलला नाहीत!”

मी घसा खाकरला. “साडूभाऊ, मला तुम्हाला एक...”

“काही बोलू नका,” ते म्हणाले. “तुमचा नंबर पहिलाच. मी दुसरा. अक्का, तू आता तिसरी हं.” आणि इतके मनापासून हसले की माझं वाक्य तिथेच राहिलं.

ते गेले त्यालाही आता बराच काळ लोटला. माझी बायकोही नाही. परवा मी अक्कांना फोन केला आणि सांगून टाकलं, की त्या दिवशी मी दचकलोच नव्हतो, मला आधीच माहीत होतं.

“मला ठाऊक आहे,” अक्का म्हणाल्या. “धाकटीनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं.”

“आणि तुम्ही इतकी वर्षं दुसरा नंबर घेऊन बसलात? वर तिसरा?”

“भावोजी, तुम्ही ओरडलात तेव्हा हे तुमच्याकडे बघत होते. मी ह्यांच्याकडे बघत होते. काय उजळला होता चेहरा ह्यांचा! नंबराचं काय घेऊन बसलात?”

मग अक्का आपल्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, “या एकदा मुलुंडला. पण आधी फोन करून या हं. दार उघडलं आणि समोर तुम्ही, असं करू नका. मला अजून दचकायला होतं.”

मी हो म्हटलं. पण साडूंनी एकदाच पाहिलेला तो चेहरा मी अजून पाहिलेला नाही. त्यामुळे येत्या रविवारी दुपारी मी जाणार आहे, आणि फोन करणार नाही.