पुसलेला ढावलो

आमच्या अनसिंगकडच्या छोट्या रेडिओ केंद्राचा इतिहास सांगताना लोक माझं नाव घेतात. पण सिनेमाची गाणी सोडून तिथे बंजारा तांड्यांवरची गाणी आणली ती दुसऱ्याच माणसाने. तो कमी बोलायचा, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्यायचा आणि रेकॉर्डर कुणाच्या हाती देत नसे. बायकांना न विचारता तो गाणी टिपतो आणि बाहेर विकतो, असा मला संशय होता. तसं मी चारचौघांत बोललोही.

एकदा मी त्याच्या मागोमाग तांड्यावर गेलो. तो एका म्हातारीला तिनेच गायलेला ढावलो, म्हणजे नवरी सासरी निघताना रडत गातात ते गाणं, ऐकवत होता.

"लगन नसताना हे वाजवू नोको, बापू," ती म्हणाली. त्याने तिच्यासमोरच ते पुसलं.

"इतकं चांगलं गाणं काहून पुसलं?" मी विचारलं.

"तिचं हाय ना, काका. तुमी विकत घेतलं होतं काय?"

माझं बोलणं त्याच्या कानावर गेलं होतं तर. ते मी कधी मागे घेतलं नाही. आज इथे घेतो. तो मात्र अजूनही रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि मला आता त्या नमस्काराचाच संशय येतो.