हलणारा सांधा

पन्हाळ्यावरून कच्च्या वाटेनं सायकल सोडायची, हा माझा जुना नाद. पण मणक्यातली गादी सरकली आणि सगळंच अडलं. खडबडीत रस्त्यावर दहा मिनिटं सायकल चालवली तरी कंबर अशी धरायची, की दोन दिवस वाकता यायचं नाही. चपलेचा पट्टासुद्धा नवरा लावायचा. डॉक्टर म्हणाले, "सायकल विका आता." डोक्यात तिडीकच गेली माझ्या. विका काय विका!

मग दोन्ही चाकांना शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेल्या सायकलींचे फोटो बघत बसले. पुढचं समजत होतं, मोटरसायकलसारखंच. कोडं मागचं. मागचं चाक ज्या सांध्यावर वरखाली होतं, तो सांधा फ्रेमवर घ्यायचा कुठं? मी आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवते, पण कागदावर काही केल्या उमगेना. शेवटी प्लायवूडच्या पट्ट्या कापल्या, सांध्याच्या जागी खिळा ठोकला, चेन म्हणून सुतळी बांधली आणि चाक उचलून बघितलं. खिळा फार वर घेतला की सुतळी ताणली जायची, म्हणजे प्रत्येक खड्डा पेडलला ओढ देणार. फार खाली घेतला, तर पेडल मारताना सायकल नुसती डुलणार. चार दिवस स्वयंपाकघरात माझं हेच. आमटी दोनदा करपली. खिळा सुतळीच्या रेषेजवळ आला, तेव्हा कुठं ओढ आणि डुलणं यांचं भांडण मिटलं, निदान बरंचसं.

नवऱ्याचं शिरोली एमआयडीसीत वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. त्याचा तोरा एकच, "माझ्या हातचं काय हलत न्हाय!" शॉक तेवढा विकत आणला, फ्रेम त्यानं माझ्या ड्रॉइंगवरून केली. मापं तंतोतंत. संध्याकाळी घरी आणली, तर मागचा सांधा चारी बाजूंनी वेल्ड केलेला!

"अहो, हे काय केलंत?"

"अगं, मागनं हलत होतं की! पक्कं करून टाकलंय. हत्ती बसू दे आता."

"हलायसाठीच होतं ते!" मी कपाळावर हात मारला. खरं सांगते, रडूच आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच ग्राइंडरनं वेल्ड कापला, नवीन बुश बसवले आणि सांधा लोण्यासारखा फिरेपर्यंत घरी आला नाही.

रविवारी टेम्पोतून त्यानं मला वर सोडलं आणि कंबरेचा पट्टा घेऊन पायथ्याशी जाऊन थांबला. शॉकच्या दांडीवर मी एक रबरी रिंग चढवली होती. शॉक जितका दबेल तितकी ती सरकते आणि तिथंच राहते. वाट तीच, धोंडे तेच. मी मात्र पूर्ण उतारभर त्या रिंगचाच विचार करत होते.

खाली पोचल्या पोचल्या उडी मारून उतरले आणि शॉकपाशी डोकं नेलं. रिंग जवळजवळ टोकाला भिडलेली!

"अहो, बघा तरी! एवढे सगळे धक्के ह्यानं खाल्ले!"

तो रिंगकडं बघतच नव्हता. पट्टा हातात तसाच.

"अगं," तो म्हणाला, "तू वाकलीस की."