दोन मिनिटांत संपेल एवढंच

शनिवारची सकाळ. कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या, ह्यांची अर्धी दाढी झालेली, सासूबाई शब्दकोडं घेऊन खिडकीपाशी, आणि टाकीताई कोपरापर्यंत हात बुडवून आमच्या माशांच्या टाकीतली रबरी नळी चाचपत होत्या.

त्यांना सगळे टाकीताईच म्हणायचे. आमच्या बिल्डिंगमधल्या नऊ टाक्या त्यांच्याकडे, आणि त्यांचं घर या नऊ टाक्यांवर चालायचं. त्याआधी अकरा वर्षं त्या माशांच्या दुकानात ओल्या फरशीवर उभ्या होत्या. दुकान बंद पडलं, नखांच्या कडेचं सोललेलं कातडं तेवढं सोबत राहिलं.

टाकी धुणारे पुष्कळ मिळतात हो. टाकीताईंची हुशारी माशांना खाऊ घालण्यात होती. पहिल्या दिवशी त्या आमच्या टाकीसमोर वीस मिनिटं नुसत्या बसून राहिल्या. सासूबाई मला म्हणाल्या, "सिनेमा बघायला आलीय का ही?" टाकीताई माशांची तोंडं बघत होत्या. तोंड वर वळलेलं असलं की तो पाण्यावर तरंगणारं खातो, सरळ असलं की मधल्यामध्ये झेलतो, खाली वळलेलं असलं की तळाशी जाऊन पडेल ते. चुकीचं घातलं तर मासा खाणं समोरून जाताना बघत राहतो आणि उपाशी मरतो. "डब्यावरच्या चित्रावर जाऊ नका," त्या म्हणायच्या, "तो मासा छापलेला असतो. त्याला काहीही मानवतं."

डब्यातलं त्या आणायच्याच, पण शिवाय घरी वड्या करायच्या. उकडलेला पालक, सोललेले मटार आणि कोळंबी वाटून, जिलेटिनमध्ये घट्ट करून. एका खोलीत, एका शेगडीवर. वासावरून शेजारणी भांडायच्या. स्वतःकडे मात्र एकही मासा नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ठेवू कुठे वहिनी? आई, मी आणि मुलगी, कूस बदलायची तर तिघींना एकदम बदलावी लागते."

त्यांचे नियम दोन. दोन मिनिटांत संपेल एवढंच घालायचं, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. दुसरा नियम बिल्डिंगमध्ये कोणालाच पटला नव्हता.

"मुक्या जिवांना उपाशी ठेवतेस," सासूबाई त्या दिवशीही कोड्यातून मान वर न करता म्हणाल्या.

"आजी, त्यांचं पोट त्यांच्या डोळ्याएवढं असतं. आपल्यासारखं नाही."

"म्हणजे माझं पोट काढलंस!"

आम्ही हसतच होतो, तोवर दारावर थापा पडल्या. बेल चालू असताना थापा. दार उघडलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची बायको. हातात झाकलेलं पातेलं. मला बाजूला सारून ती थेट टाकीताईंसमोर गेली आणि तिने झाकण काढलं. आत सात एंजल मासे, आडवे, पोटं टम्म.

"घे. हे तुझं काम."

टाकीताईंनी ओला हात पदराला पुसला आणि एक मासा तळहातावर घेतला. पोटावर अंगठा फिरवला. "बाई, हे उपाशी नाही मेले. पोट बघा. दिवसातून किती वेळा घालत होता?"

"आता मलाच विचारतेय! तू सांगितलंस म्हणून एक दिवस बंद ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी हे."

मागच्याच आठवड्यात मी दाढ दाखवायला त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्याच दवाखान्यात गेले होते. ही बाई माशांचा रंग खुलवणाऱ्या खाण्याचा डबा तिथल्या टाकीवर उपडा करताना मी पाहिली होती. पाण्यावर लाल थर साचला होता.

"अहो, मी त्या दिवशी..." मी सुरुवात केली.

"तू चहा टाक," हे म्हणाले. अर्ध्या गालावर साबण तसाच. डॉक्टरांकडे त्यांच्या दोन दाढांचं काम अर्धवट होतं.

मी चहा टाकला. ओट्यापाशी उभी राहून सगळं ऐकत होते, दिसतही होतं.

"त्या हिरव्या वड्यांत काय घालतेस?" डॉक्टरांच्या बायकोने विचारलं.

"पालक, मटार, कोळंबी. दुसरं काही नाही."

"माणसांच्या पोटात जाईल असं आहे?"

"जाईल की. मी चव बघूनच भरते."

"मग होऊन जाऊ द्या," हे हसत म्हणाले. ह्यांना वाटलं, गंमत केली की वातावरण निवळेल. "खाऊन दाखवा. प्रश्नच मिटला."

टाकीताईंनी डब्यातून वडी काढली आणि नखाएवढा तुकडा तोडला.

"अगं, अख्खी खा ना," सासूबाई म्हणाल्या. "लाजतेस काय, पाहुणी आहेस!"

अख्खी वडी काड्यापेटीएवढी आणि रबरासारखी चिवट होती. टाकीताईंनी ती तोंडात कोंबली. गाल फुगला, डोळ्यांत पाणी आलं, हनुवटीवरून हिरवा ओघळ आला. हात मेलेल्या माशाने बुळबुळीत झालेले, त्यामुळे पुसताही येईना. डॉक्टरांच्या बायकोने मोबाइल वर धरला. हे हसले, सासूबाईंना तर ठसका लागला.

"फोटो पाठवला बिल्डिंगच्या ग्रुपवर," ती म्हणाली. "खाली लिहिलंय, माशांचं खाणं कोण खातं ते बघा."

टाकीताईंनी कसंबसं गिळलं. "बाई, असं नका लिहू. माझी नऊ घरं आहेत इथे."

"माझे सात मासे होते."

त्यांनी हात धुऊन नळी गुंडाळेपर्यंत त्यांचा फोन चारदा वाजला. चौथ्या मजल्यावरच्यांनी पुढच्या वेळी येऊ नका म्हणून कळवलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तर नुसतं हसणारं तोंड पाठवलं आणि खाली लिहिलं, नको. हे परत आरशाकडे वळले आणि उरलेला गाल खरवडता खरवडता म्हणाले, "आमचंही आता राहू द्या. उगाच शेजाऱ्यांत वाकडं यायला नको."

राहिलेल्या वड्यांचा डबा टाकीताईंनी पिशवीत घातला. आमच्या टाकीची काच एका बाजूने अजून पुसायची होती. तेवढी पुसली.

मी दारापर्यंत गेले. चहाचा कप माझ्याच हातात राहिला होता. तो पुढे केला, त्यांनी घेतला नाही.

"वहिनी," त्या हळू म्हणाल्या, "सोमवारी मी पलीकडच्या बिल्डिंगमध्ये काम विचारायला जाणार. तिथली चार घरं तुमच्या ग्रुपवर आहेत. फोटो काढून टाका असं म्हणत नाही मी. वडी दिसू दे, हात दिसू दे. माझं तोंड तेवढं कापायला सांगा."