फळ्यावर बोलणारा नवरा

लग्न होऊन मी बोरिवलीला आले तेव्हा माझ्या नवऱ्याला दिवसाला वीसेक शब्द पुरत. सकाळी 'चहा', 'डबा', 'येतो'. संध्याकाळी 'आलो'. जेवताना 'वाढ' आणि 'पुरे'. भांडण नव्हतं, राग नव्हता, स्वभावच तसा. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचे. आता लिहिताना 'तो' म्हणते. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी सवलत मी मिळवली आहे.

तो अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. दिवसभर यंत्रांची चित्रं काढायची आणि त्यांवर बारीक, ठाशीव अक्षरांत मापं लिहायची. अक्षर असं की छापल्यासारखं. त्या अक्षरामुळेच पुढचं सगळं घडलं.

आमची सोसायटी म्हणजे खाली दुकानं, वर चार मजले, मजल्यावर चार घरं. लिफ्ट नाही. जिन्याच्या पायथ्याशी एक काळा फळा होता. त्यावर सेक्रेटरी 'पाणी उद्या येणार नाही' वगैरे लिहायचे. त्यांचं अक्षर इतकं वाईट की एकदा निम्म्या बिल्डिंगने पाणी भरून ठेवलं आणि निम्म्या बिल्डिंगला वाटलं, उद्या पाहुणे येणार. मग सर्वांनी मिळून फळा माझ्या नवऱ्याकडे सोपवला. रोज काही पाणी जात नव्हतं. फळा रिकामा ठेवणं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून त्याने फळ्याचे चार चौकोन आखले: माहिती, कोडं, गंमत आणि मनातलं. रोज सकाळी कामावर जाताना दहा मिनिटं तो फळ्यापुढे उभा राहायचा आणि मग स्टेशनकडे पळायचा.

आमचं लग्न व्हायच्या आधीपासून हे चाललं होतं, पण मला कोणी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी मी दूध आणायला खाली उतरले तेव्हा पहिल्यांदा फळा वाचला. जिराफाच्या मानेत सातच मणके असतात, माणसाच्या मानेत असतात तेवढेच, ही माहिती. कोडं असं: 'आपल्या सोळा घरांपैकी प्रत्येकाने बाकीच्या प्रत्येक घरी फराळाचा एक डबा पाठवला तर एकूण डबे किती?' गंमत म्हणून डॉक्टर आणि पेशंट. डॉक्टर म्हणतात, रोज जिने चढा. पेशंट म्हणतो, मी चौथ्या मजल्यावर राहतो. मग तुम्हाला झालंय काय? 'सारखं काहीतरी खाली विसरतो.'

आणि 'मनातलं' या चौकोनात लिहिलं होतं: 'आज पोह्यांत शेंगदाणे नव्हते. काही दिवस असेच असतात.'

मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. त्या दिवशी पोहे मीच केले होते. ताटलीत घातले तेव्हा नवरा 'छान' म्हणाला होता. म्हणजे विसांतला एक शब्द त्याने माझ्या पोह्यांवर खर्च केला म्हणून मी खूश, आणि खरं मत काय, ते जिन्याखाली!

वर येईपर्यंत दोन दारं उघडली. एका दारातून विचारलं, ''शेंगदाणे देऊ का गं वाटीभर?'' दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. अख्खी बिल्डिंग त्यांना बाई म्हणायची. त्या कठड्याला रेलून म्हणाल्या, ''दाणे आधी तळून बाजूला काढायचे, म्हणजे विसरत नाहीत.''

संध्याकाळी 'आलो' ऐकल्याबरोबर मी म्हटलं, ''अहो, मला सांगायचं ना!''

''काय?''

''शेंगदाण्यांचं. सगळ्या बिल्डिंगसमोर तक्रार कशाला?''

तो खरोखर गोंधळला. ''तक्रार नव्हती ती,'' म्हणाला. ''विचार होता.''

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी खाली गेले. फळ्याच्या कडेला खडूचा तुकडा ठेवलेला असायचा. त्याने मी 'मनातलं'च्या खाली लिहिलं: 'शेंगदाणे डब्यात आहेत. डबा सगळ्यांत वरच्या फळीवर आहे. फळीपर्यंत हात कोणाचा पोचतो?' माझं अक्षर काही छापल्यासारखं नव्हतं, पण वाचता येत होतं. दिवसभर जिन्यात हशा चालू होता. संध्याकाळी नवरा वर आला, बूट काढायच्या आधी स्वयंपाकघरात गेला आणि डबा उचलून ओट्यावर ठेवला. सकाळी फळ्यावर माहिती: 'शेंगदाण्याचं फूल जमिनीच्या वर येतं, पण शेंग जमिनीखाली धरते.' मनातलं: 'काही माणसांचंही तसंच असतं.'

ते वाचून मला हसावं की रडावं कळेना. पण त्या दिवसापासून मला समजलं की या माणसाशी बोलायचं तर चार मजले उतरायला हवेत.

मग तो नेमच झाला. तो सकाळी लिहायचा, मी दुपारी खाली उत्तर लिहायचे आणि बिल्डिंग दोन्ही वाचायची. 'पंख्याचा आवाज येतो' असं त्याने लिहिलं की मी लिहायचे, 'पंख्याचा नव्हे, घोरण्याचा'. कधी मी कोड्याचं उत्तर लिहिलं आणि चुकलं तर तो बाजूला शाळेतल्यासारखी फुली मारायचा. त्या फराळाच्या डब्यांचं उत्तर दोनशे चाळीस निघालं, तेव्हा बायकांच्या बैठकीत असा सूर निघाला की यंदा कोणी कोणाला फराळ पाठवूच नये. सेक्रेटरी एकदा कुरकुरले, ''फळा सोसायटीचा आहे, यांच्या संसाराचा नाही.'' बाई त्यांना म्हणाल्या, ''मग तुम्ही तुमचा लिहा. वाचेल का कोणी?'' विषय संपला.

पावसाळ्यानंतरची गोष्ट असेल. मला ताप होता. तीन दिवस अंथरुणात. तिसऱ्या दिवशी उतरला तशी मी जराशी हवा खायला खाली गेले. 'मनातलं'मध्ये एकच ओळ होती: 'घरी आपली वाट बघणारं कोणी असलं की चौथा मजला तिसऱ्यासारखा वाटतो. गेले तीन दिवस तो सहावा होता.' मी ती ओळ किती वेळ वाचत होते कोणास ठाऊक. मागून बाई भाजी घेऊन आल्या. ''वाचलंस ना?'' म्हणाल्या, ''मग आता वर जा आणि झोप. त्याला उद्या सातवा चढायला लावू नकोस.''

लग्नाला दीड वर्ष झालं असेल. गुढीपाडवा होऊन गेला होता. सकाळी मी एकटीच दवाखान्यात गेले आणि डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितलं ते ऐकून रिक्षा न करता चालत घरी आले. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते. नवऱ्याला हे कसं सांगायचं? आमच्याकडे असल्या गोष्टी सासू सांगायची नाहीतर नणंद. घरात आम्ही दोघंच.

रात्री जेवण झाल्यावर धीर करून म्हटलं, ''अहो, एक सांगायचं होतं.''

''गॅस संपला?''

''नाही.''

''मग सकाळी सांग,'' म्हणाला, आणि पेपर छातीवर ठेवून झोपलाही.

सकाळी त्याला गाडी गाठायची घाई. 'येतो' म्हणून गेला. मी मागचं आवरलं, पदर खोचला आणि खाली उतरले. त्या दिवशीचं त्याचं कोडं घड्याळाच्या काट्यांचं होतं. ते पुसून तिथे मी माझं लिहिलं:

'चौथ्या मजल्यावर एका घरात दोन माणसं राहतात. बाहेरून कोणी राहायला येणार नाही. कोणाचं लग्न होणार नाही. तरी दिवाळीनंतर त्या घरात तीन माणसं होतील. कशी?'

खडू ठेवून वळले तर बाई जिन्याच्या पहिल्याच पायरीवर. त्यांनी कोडं वाचायला लागतो तेवढा वेळ घेतला, त्याहून एक क्षण जास्त नाही. आधी माझ्या गालावरून हात फिरवला आणि मग रागावल्या. ''अगं बाई, तीन महिने व्हायच्या आधी कोणी सांगतं का? आणि ते फळ्यावर?''

''मी कुठे सांगितलंय?'' मी म्हटलं. ''मी विचारलंय.''

अकरा वाजेपर्यंत सगळ्या बायकांना उत्तर आलं होतं. कोणी कैरी पाठवली, कोणी आवळासुपारी. चारच्या सुमारास शाळेतून आलेल्या मुलींनाही कळलं. फक्त कोणी उत्तर फळ्यावर लिहायचं नाही असं बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं.

सात वाजता नवरा आला. मी वरून, जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघत होते. तो फळ्यापुढे थांबला. आपलं कोडं कोणी पुसलं म्हणून आधी रागावला असावा. मग त्याने कोडं वाचलं. पुन्हा वाचलं. खिशातून पेन्सिल काढली! तेवढ्यात सेक्रेटरी आले. तेही थांबले.

''भाडेकरू ठेवतायत की काय कोणी?'' सेक्रेटरी म्हणाले. ''तसं असेल तर परवानगी घ्यावी लागेल.''

''भाडेकरू बाहेरून येतो,'' नवरा म्हणाला. ''इथे बाहेरून नाही असं लिहिलंय.''

''मग घर विकून तीन माणसांचं कुटुंब?''

''तेही बाहेरूनच.''

दोन हुशार पुरुष पंधरा मिनिटं माझं बाळंतपण सोसायटीच्या नियमांत बसवत होते. प्रत्येक मजल्यावर कठड्याला बायका उभ्या होत्या आणि तोंडावर पदर धरून हसत होत्या.

शेवटी तो वर आला. 'आलो' म्हणायचं विसरला. ''कोडं कोणी घातलं?''

''मी.''

''चुकलंय.'' खुर्चीवर बसून त्याने बुटाची नाडी सोडायला घेतली आणि मी त्याच्याकडून कधी ऐकली नव्हती एवढी लांब वाक्यं ऐकली. ''कोड्याला उत्तर असावं लागतं. तू म्हणतेस लग्न नाही. बाहेरूनही कोणी येणार नाही. मग तिसरा माणूस येणार कुठून? घरातल्या घरात काय माणूस तयार...''

तो थांबला. नाडी हातात, एक बूट पायात. माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, तो मी पुढे केला. त्याने तो घेतला, न पिता खाली ठेवला आणि एकाच बुटावर तसाच माझ्याकडे आला. खाली कोणीतरी, बहुधा बाईंनीच, टाळ्या वाजवल्या. आमचं दार उघडंच राहिलं होतं.

दुसऱ्या सकाळी मी त्याच्या मागोमाग खाली गेले. कोड्याच्या चौकोनात लिहिलं होतं: 'कालचं उत्तर: मला आणि सेक्रेटरींना सोडून सगळ्यांना आलं.' माहिती अशी की हत्तीण बावीस महिने गर्भ वाढवते. 'मनातलं'चा चौकोन रिकामा.

''हे का सोडलंत?'' मी विचारलं.

''मावलं नाही,'' म्हणाला, आणि स्टेशनकडे पळाला.

सातव्या महिन्यात मी माहेरी गेले, कणकवलीजवळच्या आमच्या गावी. तिथे फळा नव्हता, म्हणून त्याने रोज एक पोस्टकार्ड धाडायला सुरुवात केली. कार्डावर तेच चार चौकोन, पट्टीने आखलेले. कार्डं कधी तीन दिवसांनी पोचत, कधी पाच. त्यामुळे बऱ्याचदा उत्तर आधी यायचं आणि कोडं मागाहून. उघडं कार्ड असल्याने पोस्टमन वाटेत वाचायचा आणि अंगणात आला की आधी स्वतःचं उत्तर सांगायचा. 'मनातलं' वाचून मात्र तो माझ्याकडे न बघता कार्ड ओट्यावर ठेवून जायचा. माझे वडील चष्मा लावून कार्डाची दोन्ही अंगं तपासत आणि काळजीने विचारत, ''गो, जावईबापू बरे आसत मां?''

दिवाळीनंतर आठवड्याने मुलगी झाली. वडिलांनी बोरिवलीला तार केली. पुढचं मला बाईंनी नंतर सांगितलं. तार घेऊन नवरा त्यांच्या दारात उभा राहिला आणि पाकीट न फोडताच त्यांच्या हातात दिलं. ''बाई, तुम्ही वाचा.'' त्यांनी वाचलं. तो खाली बसला, मग उठला आणि एसटी पकडायला निघाला. त्या दिवशी फळा बाईंनी लिहिला. त्यांनी चारही चौकोनांत मिळून एकच बातमी लिहिली, म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरला. बारा तासांच्या प्रवासाने केस उभे, शर्टाला शाईचा डाग. आईने पाय धुवायला पाणी दिलं. बाळंतिणीच्या खोलीत येऊन त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि पाळण्याशी बसला. मला वाटलं, झालं. आता हा तिलाही वीस शब्द देणार.

मी डोळे मिटले. थोड्या वेळाने खुसफूस ऐकू आली. तो मुलीला सांगत होता की गाडी कुठे कुठे थांबली, घाटात टायर कसं फुटलं, महाडला वडा कसा गार होता, शेजारच्या माणसाच्या पिशवीतली कोंबडी कशी सारखी आपल्याकडे बघत होती, आणि ती कोंबडी त्या माणसासोबत मध्येच उतरली तेव्हा आपल्याला कसं चुकल्याचुकल्यासारखं झालं. मुलगी झोपली होती. त्याचं चालूच होतं.

दाराबाहेरून आईने हळूच मला विचारलं, ''गो, जावईबापू कोणाशी बोलतत?''

''बोलू दे,'' मी म्हटलं आणि कूस बदलून ऐकत राहिले.