मिशी कोणासाठी उतरते

माझ्या बाबांची मिशी आमच्या घरात एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखी राहायची. तिची कात्री वेगळी, फणी वेगळी, खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा वेगळी. त्या बाटलीला आम्ही पोरांनी हात लावला की बाबा असे ओरडायचे की गोठ्यातली गाय उठून उभी राहायची. आमचे पूर्वज कधीकाळी माळव्यातून या धानाच्या मुलखात आले असं घरात सांगतात. बाबांच्या मते ते येताना तलवारी तिकडेच विसरले आणि मिश्या तेवढ्या सोबत आणल्या. "आपलं वतन हेच," असं म्हणून ते मिशीचं टोक वर करायचे. शेतावर चिखलात उतरतानासुद्धा ते टोक वरच असायचं.

कोरोनात तर कहर झाला. बाबा मास्क लावायचे, पण मिशीच्या खालून. तोंड झाकलेलं आणि नाक-मिशी बाहेर. कामठ्याच्या बाजारात एका पोलिसानं हटकलं, तेव्हा म्हणाले, "साहेब, हे झाकली तर मले गावात कोनी ओळखन का?" पोलीस हसला म्हणून सुटले. घरी येऊन हा पराक्रम त्यांनी ज्याला त्याला सांगितला. मोठी आई तेवढी म्हणाली, "पोलिसाले वाटलं आसन, तोंडाले झाडू बांधून कोन आलं."

मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. ती नवी नवरी होऊन या घरात आली तेव्हा बाबा उघडेनागडे अंगणात खेळत होते. त्याच वर्षी त्यांची आई गेली. मग या नव्या नवरीनंच धाकट्या दिराला कडेवर घेतलं. त्याला न्हाऊ घातलं, त्याच्या उवा काढल्या, धानाच्या रोवण्याला जाताना त्याला बांधावर कांबळीत निजवलं. शाळेत मास्तरानं मारलं म्हणून तीच पदर खोचून मास्तराला जाब विचारायला गेली होती. बाबा शाळेत असतानाच आजोबाही गेले. तिचा स्वतःचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, त्यानंतर जन्मला. पण जेवताना पहिलं ताट शेवटपर्यंत बाबांचंच असायचं. आम्ही सगळे तिला मोठी आई म्हणायचो, शेजारचेही म्हणायचे. सोयीचं होतं ते. तिला 'वयनी' म्हणणारा गावात एकच माणूस होता, आणि तो तिनं वाढवलेला.

गावात दरवर्षी भागवत सप्ताह बसतो. एका वर्षी महाराजांनी सांगितलं की नारळाची करवंटी म्हणजे माणसाचा अहंकार, ती फुटल्याशिवाय आतलं गोड पाणी हाताला लागत नाही. डोक्यावरचे केस म्हणजे अभिमान. म्हणून तीर्थाला गेल्यावर आणि जवळचं माणूस गेल्यावर ते उतरवायचे, म्हणजे 'मी' थोडा तरी कमी होतो. बाबा पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते आणि मान डोलावता डोलावता मिशी पिळत होते. बायकांच्या बाजूनं मोठी आई मला म्हणाली, पण अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "देवापुढं नारळ कायले फोडतेत, मी सांगतो तुले. आपलं डोस्कं फोडाची हिंमत नसते न, म्हणून नारळावर भागवतेत." महाराजसुद्धा हसले. बाबांनी मागं वळून पाहिलं आणि टोक आणखी वर केलं.

असा त्यांचा खेळ चालायचा. ती टोचायची, ते मिरवायचे. मला ते बघायला फार आवडायचं. त्यात एक काटा होता हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मोठे बाबा, म्हणजे मोठ्या आईचे यजमान, गेले तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे दहाव्याला भाऊबंद तलावाच्या पाळीवर बसून डोकं भादरून घेतात. मिशी मात्र उतरते ती फक्त आईसाठी आणि बापासाठी. न्हाव्यानं बाबांचं डोकं केलं आणि वस्तरा मिशीकडे नेत विचारलं, कारण थोरला भाऊ म्हणजे बापाच्याच जागी. बाबांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "भावासाठी डोस्कं. मिशी माय-बापासाठी आसते, अन् माये माय-बाप तर मिसरूड फुटाच्या आंधीच गेले. आता या मिशीले हात लावाले जगात कोनी उरलं नाही." दुःखातसुद्धा त्यांच्या बोलण्यात जरा फुशारकी होतीच. पुढे ते वाक्य त्यांनी लग्नाकार्यात, पानाच्या दुकानावर, कुठे कुठे म्हणून दाखवलं. लोक हसायचे.

मी लग्न होऊन गोंदियाला आले. नवऱ्याचं साड्यांचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलून जीभ थकली की मी स्कूटर काढते आणि गावाला येते. अशीच एका दुपारी आले होते. मोठी आई पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. मी सहज म्हटलं, "मोठी आई, बाबांची मिशी आता रंग लावून काळी करावी लागते, तरी नाद सुटत नाही." ती नेहमीसारखी काहीतरी टोचून बोलेल असं मला वाटलं होतं. पण तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "त्याची मिशी राहू दे, बाई. मले मिशीचं काय करा लागते? पन हात लावाले जगात कोनी उरलं नाही म्हनते तो. मी काय मेली होती का?"

मी तिच्याजवळ सरकून बसले.

"मी त्याले दूध नाही पाजलं, बरोबर हाय," ती म्हणाली. "बाकी काय नाही केलं, सांग. एकडाव आई म्हनला आसता त काय त्याची जीभ झडली आसती?" मग लगेच सूप ओढून घेतलं आणि मलाच रागावली, "हे त्याले सांगजो नोको. मांगून घेतलेली आई कोनाले पाहिजे!"

मी अर्थातच सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. बाबा खळ्यावर होते, धानाची चुरणी चालली होती. मी मळणीयंत्राच्या आवाजावर आवाज चढवून म्हटलं, "बाबा, मोठ्या आईला एकदा आई म्हणा. तिला फार वाटतं."

बाबांनी यंत्र बंद करायला लावलं. मला पोत्यांच्या थप्पीमागे नेलं. मला वाटलं, आता मिशी थरथरणार. पण ते बराच वेळ नुसते गमछ्यानं हात पुसत राहिले.

"तोंडातून निघत नाही, पोरी."

"काऊन निघत नाही?" मीही गावच्याच भाषेत विचारलं.

"माया आईचा चेहरा मले आठवत नाही. एक फोटो नाही, काही नाही. तिच्यासाठी माया जवळ तेवढा एक शबद हाय. तो बी उचलून वयनीले देऊन टाकला, त मंग तिचं काय राह्यलं?"

 आत्तापर्यंत मला वाटत होतं की हा सगळा पुरुषी ताठा आहे. ताठा होताच, नाही असं नाही. पण त्या ताठ्याच्या आत चार-पाच वर्षांचं एक पोरकं पोर बसलं होतं, आणि ते कोणाला दार उघडायला तयार नव्हतं. मला बाबांचा राग आला होता तो तसाच राहिला, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. बापाला जवळ घ्यायची रीत आमच्याकडे नाही. मी म्हटलं, "चहा पाठवते," आणि निघाले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मोठी आई खाटेला खिळली. आजार म्हणावा असा काही नव्हता, वयच झालं होतं. बाबांनी शेताचं काम माणसांवर सोडलं आणि तिच्या खाटेशी ठाण मांडलं. पेज भरवायचे, कूस बदलायचे, पायाला तेल लावायचे. मिशीचं तेलसुद्धा तिकडेच वळलं. चुलतभाऊ म्हणायचा, "काका, तुम्ही निजा, मी बसतो," तर त्याच्यावर खेकसायचे. मिशीला काळा रंग लावायचं त्यांनी सोडूनच दिलं. तिच्या ते लगेच लक्षात आलं. बोलायची ताकद नव्हती तरी म्हणाली, "का गा, रंग सरला का? भुतावानी दिसून राह्यलास."

"तू बरी झाली का लावतो, वयनी," बाबा म्हणाले.

वयनीच. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मनातल्या मनात त्यांना ढकलत होते. म्हणा ना. आता तरी म्हणा. त्यांनी पेजेचा चमचा पुढे केला, तिनं तोंड उघडलं, आणि एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तिचं डोकं बाबांच्या मांडीवर होतं.

आमच्याकडे दहाव्याला बायकाही तलावावर जातात, थोड्या अंतरावर बसतात. त्या दिवशी पाळीवर ऊन छान पडलं होतं. भाऊबंद ओळीनं बसले होते. चुलतभाऊ सगळ्यांत पुढे, कारण क्रियेला तोच बसला होता. न्हाव्यानं आधी त्याचं डोकं केलं, मिशी उतरवली. मग ओळीनं एकेक करत तो बाबांपाशी आला. बाबांचं डोकं झालं. न्हाव्यानं वस्तरा पुसला आणि पुढच्या माणसाकडे सरकला. हा तोच न्हावी होता, मागच्या वेळी ज्याचा हात बाबांनी धरला होता. त्याला काही विचारायची गरज वाटली नाही.

बाबा उठले नाहीत.

"झालं जी," न्हावी म्हणाला.

बाबांनी हनुवटी वर केली. न्हावी नुसता बघत राहिला. तेव्हा बाबा म्हणाले, "मिशी काढ."

भाऊबंदांतल्या एका म्हाताऱ्यानं लगेच तोंड घातलं. "अगा, वेडा झालास का? वयनीसाठी मिशी नाही काढत. रीत नाही तसी. पोरगा हाय न तिचा, त्यानं काढली. लोक काय म्हनतीन?"

"रीत मले माहीत हाय, काका," बाबा म्हणाले.  त्यांनी घसा खाकरला. "आईसाठी काढतेत. काढ रे."

एवढंच बोलले. मी कितीतरी दिवस ज्या शब्दासाठी देव पाण्यात घालून बसले होते, तो त्यांनी असा न्हाव्याला कामाचं सांगावं तसा सांगितला. मला हुंदका आला आणि त्याच्या मागोमाग संतापही आला. जिच्यासाठी म्हटलं तिला ऐकू आलं असतं तर काय बिघडलं असतं, बाबा? दहा दिवस आधी म्हणायला काय झालं होतं? पण मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझा राग विरघळून गेला. पाणी लावून न्हाव्यानं दोन फटक्यांत ती माळव्याची दौलत खाली उतरवली. बाबांनी डोळे मिटले होते. मिशीखालची कातडी गोरी आणि मऊ होती, ऊन न लागलेली. वरचा ओठ पातळ होता हे मला त्या दिवशी कळलं. माझी आई शेजारीच बसली होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनंही तो ओठ पाहिला नव्हता. ती पदरात तोंड लपवून आधी हसली आणि मग रडायला लागली.

 तो म्हातारा मान हलवत दुसरीकडे बघत होता. बाबा तसेच बसून राहिले, आपण केलं ते बरं की वाईट हे कोणीतरी सांगायची वाट पाहिल्यासारखे. मला भीती वाटली ती चुलतभावाची. शेवटी आई त्याची होती. तिच्यासाठी मिशी उतरवायचा मान त्याचा होता, आणि आमच्याकडे अशा मानापानावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद पडतं. तो पिंडापाशी बसला होता. भटजींनी आवाज दिला, "मुलानं पुढं यावं, पाणी द्यावं."

चुलतभाऊ उठला. पिंडाकडे न जाता तो ओळीतून मागे आला आणि बाबांसमोर उभा राहिला. दोघांची डोकी सारखीच तुळतुळीत दिसत होती, ओठही सारखेच उघडे. मला पहिल्यांदाच वाटलं की हे दोघं एकमेकांसारखे दिसतात. त्यानं जन्मभर बाबांना काका म्हटलं होतं, तेही 'अहो' करून.

त्यानं हात पुढे केला.

"उठ, दादा," तो म्हणाला. "आईले पहिलं पानी तू दे. तू मोठा हायस."