पाण्याकडच्या वळणावर विझणारे हेडलाइट

आधीच सांगून टाकतो, मी मल्टिमीटरवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. बायको दुकानाच्या शटरला लिंबू-मिरची बांधते तेव्हा मी तिला म्हणतो, ही मिरची भाजीत टाकली असती तर निदान पोटात गेली असती. इथे ग्रुपवर येणारे असले अनुभव मी वाचतो, नाही असं नाही, पण चहासोबत, टाइमपास म्हणून. आता स्वतःच लिहायला बसलोय म्हटल्यावर बायको आतल्या खोलीतून हसतेय... हसू दे.

पवनी तालुक्यात कोंढ्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टर, पिकअप, मोटारसायकल, जे येईल त्याची वायरिंग करतो. मागच्या हिवाळ्यात, धान घरात आले होते तेव्हाची गोष्ट. दिनेश त्याची पिकअप घेऊन आला. हा दिनेश जवळच्या पुनर्वसनात राहतो. बाहेरच्यांसाठी सांगतो — धरणाचं पाणी चढलं तशी वैनगंगेकाठची गावं उठली आणि लोकांना इकडे माळावर प्लॉट मिळाले. त्या नव्या वस्तीला कागदावर काहीही नाव असो, सगळे पुनर्वसनच म्हणतात. दिनेशचं जुनं गाव आता पाण्याखाली आहे. तेव्हा तो शाळेत होता.

गाडीत बाजूच्या सीटवर त्याचे वडील बसले होते. स्वच्छ धोतर, खांद्यावर दुपट्टा, मांडीवर हात. मी "राम राम काकाजी" म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे फार आदरानं पाहिलं, पाहुण्याकडे पाहतात तसं. मी त्यांच्या घरी कितीदा तरी जेवलो होतो.

"बाबाले आता काई आठवत नाई भाऊ," दिनेश हळूच म्हणाला. "घरी ठेवलं का चालत सुटतेत. मनून संगंच घेऊन फिरतो."

"तुले तरी ओळखतेत ना?"

त्यानं मान हलवली. "मले ड्रायव्हर मनतेत."

आणि खरंच, आतून आवाज आला, "ड्रायव्हर, चाल ना गा. गावाले जायाले उशीर होऊन राहिला."

"चालतो काकाजी," दिनेश म्हणाला. सख्ख्या बापाला काकाजी! मी सरळ बॉनेट उघडलं, दुसरं काय करणार.

तक्रार अशी होती. दिनेशनं ऑनलाइन एलईडी हेडलाइट मागवून नागपुरात कुणाकडून तरी बसवून घेतले होते. सगळीकडे झकास लागायचे. फक्त संध्याकाळी घरी जाताना, पाण्याकडच्या वळणावर दोन्ही एकदम बंद. हॉर्न चालू, इंडिकेटर चालू, इंजिनाला काही नाही. थोड्या वेळानं आपोआप चालू. रस्त्याच्या एका बाजूला उतार आणि खाली पाणी, अंधारात गाडी गेली तर संपलंच. दिनेश घाबरला होता, बाजूला बाप बसलेला असतो म्हणून जास्तच.

वायरिंग पाहून माझं डोकं फिरलं. रिले नाही, फ्यूज नाही, तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली. अर्थिंगची तार जोडली होती ती चक्क पत्र्याच्या रंगावर! रंगावर अर्थ लागत असती तर आम्ही पत्रा घासत कशाला बसलो असतो? मी दिनेशला, त्या नागपूरवाल्याला आणि ऑनलाइन दुकानाला, तिघांनाही मनसोक्त झाडलं. वळणावरच बंद होण्याचं कारणही मला लगेच सापडलं. स्टेअरिंग वळवलं की वायरचा गठ्ठा ताणला जात असणार, जोड ढिला होत असणार. सगळं काढलं, नवीन टाकलं, रिले बसवला, पत्रा घासून अर्थ दिली. दुकानासमोर स्टेअरिंग दोन्हीकडे पार टोकापर्यंत फिरवून पाहिलं. लाइट हललासुद्धा नाही. मी छाती फुगवून गाडी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेश दारात हजर.

मग मी एलईडी काढून गाडीचे मूळचे बल्ब लावले. तरी तेच. बॅटरीपासून वेगळी लाइन ओढली, वेगळा स्विच दिला. तरी तेच! कोंढ्याच्या सगळ्या वळणांवर गाडी फिरवली, खड्ड्यांतून घातली, कुठेच बंद पडेना. फक्त तिथेच. शेवटी मी मीटर आणि टेस्ट लॅम्प घेऊन त्याच्यासोबत निघालो. काकाजी मधे, मी खिडकीशी. वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं, तुमी कोण्या गावचे. मी दोनदा सांगितलं.

दिवस नुकताच मावळला होता. त्या ठिकाणी जुना रस्ता सरळ खाली पाण्यात जातो आणि नवा रस्ता डावीकडे वळतो. वळायच्या आधी गाडीचा उजेड सरळ पाण्यावर पडतो, आणि तो पडला न पडला तोच... दोन्ही हेडलाइट गेले.

दिनेशनं ब्रेक मारला. मी उडी मारूनच उतरलो, बॉनेट उघडलं, बल्बच्या मागे कनेक्टर लावलेला असतानाच मीटरच्या पिना घुसवल्या. साडेबारा व्होल्टच्या आसपास. पूर्ण करंट! अर्थ बरोबर. बल्ब काढून टॉर्चच्या उजेडात पाहिला, आतली तार शाबूत. परत लावला. तरी तो पेटला नाही, आणि मिनिटापूर्वी जळत असूनही काच हाताला गार लागली. ज्यांना या कामातलं कळतं त्यांना मी काय म्हणतोय ते समजेल. बाकीच्यांसाठी एवढंच, की नळ पूर्ण उघडा आहे, टाकी भरलेली आहे, आणि खाली थेंब नाही.

तेवढ्यात मागे दार वाजलं. काकाजी उतरले होते. मी ओरडणार होतो, पण ते दोन पावलं पुढे येऊन थांबले आणि पाण्याकडे तोंड करून त्यांनी हात जोडले.

"बरं केलं दिन्या, लाइट बंद केला," ते म्हणाले. "मातामायच्या तोंडावर उजेड मारू नाई. तुले लहानपणीच सांगतलं होतं मी."

दिन्या. मी ऐकलं ते बरोबर ऐकलं.

दिनेश गाडीतून उतरून तिथेच उभा राहिला. मग मला म्हणाला, त्याला हे पार विसरायला झालं होतं. जुन्या गावाच्या वेशीवर, अगदी रस्त्याकडे तोंड करून, मातामायचं, म्हणजे गावदेवीचं, ठाणं होतं. अंधार पडल्यावर येणारा माणूस तिथे बैलबंडीचा कंदील दुपट्ट्यानं झाकायचा, ट्रॅक्टर आले तेव्हा लाइट बंद करायचे, हात जोडायचे, आणि मग गावात शिरायचं. गाव उठलं तशी ती रीतही उठली. नव्या वस्तीत मातामाय आणली, पण ती रस्त्यापासून आत आहे.

"जेवला का गा तू?" काकाजी विचारत होते. "वाळला किती! पोरं बरी आहेत ना? लहान्याचा खोकला गेला का नाई?"

लहान्याला खोकला त्या आठवड्यातच झाला होता. म्हणजे माणूस सगळं पाहत होता, ऐकत होता, आतल्या आत कुठेतरी साठवत होता... दिनेश नुसता "हो बाबा, हो बाबा" करत राहिला, आणि काकाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी बॉनेटमागे लपलो. लाज कसली, मलाही रडू येत होतं.

मग लाइट आले. कुणीही कशाला हात लावला नव्हता. काकाजींनी डोळे मिचकावले, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि आदरानं म्हणाले, "चाल ड्रायव्हर."

दुसऱ्या दिवशी दिनेश दुकानात आला नाही. मीच फोन केला, म्हटलं आण गाडी, अजून एक गोष्ट तपासायची राहिली. तो म्हणाला, "राहू द्या भाऊ. आतापावतर लाइट गेले का मी उतरून बॉनेटच उघडत होतो, बाबाकडे पायलंच नाई. नोका करू दुरुस्त." सगळा हिवाळा तो रोज त्या वेळेला तिथे पोचायचा. वळणाच्या अलीकडूनच अगदी हळू गाडी न्यायचा. लाइट जायचे, आणि थोडा वेळ बाप त्याला बाप म्हणून भेटायचा. कधी शेताचं बोलायचे, कधी त्याच्या आईचं. एकदा म्हणे, दाढी का केली नाही म्हणून शिव्यासुद्धा दिल्या. दिनेश ते सांगताना लग्न ठरल्यासारखा खूश होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस तो सकाळीच आला. चेहरा पडलेला. "भाऊ, तुमी गाडीले काई केलं का?"

मी काहीच केलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी लाइट गेलेच नव्हते. त्यानं गाडी मागे घेतली, पुन्हा आणली, पुन्हा आणली. लाइट लख्ख. काकाजी समोर बघत बसून राहिले.

"तो फॉल्ट परत टाकून द्या भाऊ," तो म्हणाला.

एवढी वर्षं झाली या धंद्यात, फॉल्ट काढून द्या म्हणणारे रोज येतात. टाकून द्या म्हणणारा हा पहिलाच. मी तरी काय करणार? नागपूरवाल्याची वायरिंग जशीच्या तशी पुन्हा केली, अर्थसुद्धा रंगावर दिली, मनात सगळे देव आठवून. बायकोला सांगू नका. काही झालं नाही. त्या संध्याकाळी मीही सोबत गेलो होतो.

लोक मला वेगवेगळी कारणं देतात. एक जण म्हणाला पाण्यावरची दमट हवा, एक जण म्हणाला वरून जाणारी विजेची लाइन. अशा आजारात माणूस मधेच भानावर येतो हे डॉक्टरही सांगतात, ते मी मान्य करतो. पण साडेबारा व्होल्ट आणि गार काच याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि ते रोज का व्हायचं, मग का थांबलं, याचंही नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा. फक्त जोड ढिला असेल असं लिहू नका, मला राग येतो.

त्या संध्याकाळी लाइट काही गेले नाहीत, तेव्हा दिनेशनं वळणावर गाडी थांबवून स्वतःच स्विच बंद केला. बऱ्याच वेळानं अंधारातच काकाजींनी त्याच्याकडे वळून विचारलं, "ड्रायव्हर, कोण्या गावचा व्हय गा तू?"

दिनेशनं पाण्याकडे बोट केलं. "याच गावचा, काकाजी."

"आपल्याच गावचा!" काकाजींचा आवाज एकदम खुलला. "मंग असा गाडीत काहून बसला बाबू? उतर. घरी चाल, माह्या पोराची ओळख करून देतो."

"हो काकाजी," दिनेश म्हणाला, आणि दार उघडून उतरला.